दिवेलागणीचा भाव

कसाऱ्याला लोकल संपते आणि तेथूनच थळघाट सुरू होतो. नाशिककडे जाणाऱ्या गाड्यांना येथे मागून जादा इंजिने लावतात. ती गाडीला इगतपुरीपर्यंत ढकलतात, तेथे सुटी होतात आणि पुन्हा खाली येऊन पुढच्या गाडीची वाट पाहत उभी राहतात. मुंबईपासून कसाऱ्यापर्यंत त्यांचे काही काम नाही, इगतपुरीपुढे भुसावळपर्यंतही नाही. पण मधे हा घाट आहे ना! तेवढ्या चढासाठी ती विकत घ्यावी लागतात, त्यांची देखभाल करावी लागते, त्यांच्यावर माणसे नेमावी लागतात.

माझा भाचा वीज खात्यात अभियंता आहे. फलाटावर वडापाव खाता खाता त्याने त्या इंजिनांकडे बोट दाखवले आणि म्हणाला, "मामा, आमच्या खात्याचं सगळं दुखणं या इंजिनांत आहे. विजेलाही रोज संध्याकाळी एक घाट लागतो."

त्याचे हे वाक्य मी खिशात टाकले आणि आम्ही जीपमध्ये बसलो. २०२५ सालचा दसरा उलटून दोन-तीन दिवस झाले होते. आम्ही तिघे होतो: मी, सौभाग्यवती आणि हा भाचा. जायचे होते घाटघरला. भंडारदऱ्याला आपल्यापैकी पुष्कळजण गेलेले असतात. धबधबा पाहतात, धरणापुढे उभे राहून छायाचित्र काढतात आणि परततात. त्याच जलाशयाच्या काठाकाठाने आणखी वीस-बावीस किलोमीटर पश्चिमेला गेले, की सह्याद्रीच्या अगदी कडेवर घाटघर आहे. तेथपर्यंत फार थोडे जातात. आमचेही जाणे झाले नसते. पण आमच्या डोंबिवलीच्या घरी नवे मीटर बसले होते, त्या मीटरवरून घरात वाद झाला होता आणि वाद मिटवायचा म्हणून भाच्याने हे ठिकाण सुचवले होते. वाद मिटवायला लोक वकिलाकडे जातात, आम्ही डोंगरावर गेलो!

घोटी सोडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातखाचरे लागतात. भात पोटरीतून बाहेर आले होते, काही ठिकाणी लोंब्या वाकल्या होत्या. बांधांवर सोनकीचा पिवळा रंग अजून शिल्लक होता. बारी गावाजवळ कळसूबाई दिसेल म्हणून सौभाग्यवतींनी मान बाहेर काढली, पण महाराष्ट्राच्या या सर्वांत उंच शिखराने डोक्यावर ढग ओढून घेतले होते. शेंडीला चहा झाला. येथले विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. ते साधे-सरळ धरण आहे: पावसाळ्यात पाणी अडवावे, उन्हाळ्यात खालच्या शेतांना सोडावे. घाटघरचे धरण मात्र निराळ्या जातीचे. त्याला शेताशी कर्तव्य नाही, त्याचा संबंध घड्याळाशी.

मुरशेत, पांजरे, उडदावणे अशी गावे मागे टाकत आम्ही दुपारी पोचलो. वरचे धरण पाहून प्रथम निराशाच झाली. एवढासा बुटका बांध आणि त्यामागे पसरलेले शांत पाणी. "हेच का ते?" सौभाग्यवतींनी विचारले. भाचा काही बोलला नाही. त्याने आम्हांला तसेच पुढे कोकणकड्यावर नेले.

कोकणकड्याचे वर्णन करण्याच्या भानगडीत मी पडणार नाही. जमीन एकदम संपते एवढेच सांगतो. पायांखाली काही नाही. खालून वारा असा येतो की टोपी वर उडते. उजवीकडे अलंग, मदन, कुलंग हे तीन किल्ले ढगांतून मधूनच दिसत होते. आणि खाली, कोकणात, शहापूर तालुक्यातल्या चोंढे गावाच्या बाजूला, दुसरे धरण. ते चांगले ऐंशी मीटरांहून उंच आहे, पण वरून आमच्या डोंबिवलीच्या गच्चीवरच्या बांधाएवढे दिसत होते. वरच्या पाण्याच्या आणि खालच्या पाण्याच्या पातळीत सुमारे चारशे मीटरांचे अंतर. डोंगराच्या पोटात बोगदे खोदले आहेत, तेथेच भूमिगत वीजगृह आहे, त्यात १२५ मेगावॉटची दोन यंत्रे. २००८ साली हे सुरू झाले.

आता गंमत ऐका. संध्याकाळी वरचे पाणी बोगद्यातून खाली पडते, यंत्रे फिरतात, वीज होते. आणि विजेची मागणी उतरली, की तीच यंत्रे उलटी फिरतात आणि तेच पाणी पुन्हा डोंगरावर चढवतात. घाटघरचे वरचे पाणी प्रवरेचे, म्हणजे गोदावरीचे, म्हणजे बंगालच्या उपसागराचे. खालचा शाही नाला काळू नदीला मिळतो, काळू उल्हासला, उल्हास अरबी समुद्राला. दोन समुद्रांची वाटणी ज्या कड्यावर होते, तो कडा हे पाणी दिवसातून एकदा उतरते आणि एकदा चढते.

"अरे, पण चढवायला वीज लागत असेलच की!" सौभाग्यवती म्हणाल्या.

"लागते, मामी. चार युनिट खर्च करून पाणी वर चढवलं, तर उतरताना साधारण तीनच परत मिळतात."

"म्हणजे हा आतबट्ट्याचाच व्यवहार."

"युनिटं मोजली तर आतबट्ट्याचा. भाव पाहिला तर नाही. आंबा एप्रिलमध्ये आणि जूनमध्ये एकाच भावाने मिळतो का? स्वस्ताईत चार घ्यायचे, महागाईत तीन विकायचे. एक सडला तरी परवडतं."

हे त्याने बरोबर सांगितले. सगळ्या विषयाची किल्ली येथेच आहे. विजेचे युनिट पहाटे तीनचे असो, दुपारी एकचे असो की संध्याकाळी साडेसातचे, दिवा तितकाच पेटतो. म्हणून आपल्याला वाटते की ती एकच वस्तू आहे. पण वीज भाताच्या कणगीसारखी साठवून ठेवता येत नाही. ज्या क्षणी लागते त्याच क्षणी ती तयार करावी लागते. दिवेलागणीला सगळे घरी येतात. दिवे, पंखे, दूरचित्रवाणी, मिक्सर, इस्त्री, वातानुकूलन यंत्रे एकाच वेळी सुरू होतात. त्या तीन-चार तासांसाठी कसाऱ्याच्या इंजिनांसारखी जादा वीजगृहे, जादा तारा, जादा रोहित्रे बाळगावी लागतात. उरलेले वीस तास ती नुसती उभी. त्यांचा खर्च संध्याकाळच्या युनिटाच्या माथी पडायला हवा. पण आपण आजवर सगळ्या युनिटांना एकच भाव लावत आलो.

त्यात आता सूर्याची भर पडली आहे. पूर्वी रात्रीची वीज स्वस्त असे, कारण कोळशाच्या भट्ट्या रात्रीपुरत्या विझवता येत नाहीत आणि घेणारा तर झोपलेला. घाटघरची आखणीही याच हिशेबाने झाली: रात्री चढवा, संध्याकाळी उतरवा. गेल्या दहा वर्षांत सौर वीज इतकी वाढली, की भर दुपारी विजेची रेलचेल असते आणि सूर्य मावळण्याची आणि आपण दिवे लावण्याची वेळ एकच येते. २०२४ सालच्या ३० मे रोजी देशाची मागणी अडीच लाख मेगावॉटवर गेली. तो उच्चांक दिवसाचा होता, सूर्य मदतीला होता, निभावले. खरी कसोटी असते ती सूर्य गेल्यावरची.

कड्यावरून परतताना भाच्याने एक हिशेब घातला. तो मला वर्षभर पुरला आहे, म्हणून देतो. एक हजार लिटर पाणी, म्हणजे छोट्या बंगल्याच्या गच्चीवरची भरलेली टाकी. ती चारशे मीटर उंचीवरून खाली सोडली, तर वीज किती मिळेल? एक युनिट, जेमतेम. आणि हिवाळ्याच्या सकाळी अंघोळीच्या दोन बादल्या कढत करायला गीझर किती वीज घेतो? तेवढीच, एक युनिट. म्हणजे माझ्या दोन बादल्यांसाठी सह्याद्रीच्या कड्यावरून एक अख्खी टाकी उपडी करायची! आणि हा सगळा बोगदा, ही दोन धरणे, डोंगराच्या पोटातली ती दोन अजस्र यंत्रे पूर्ण ताकदीने फिरली, तर एका वेळी गीझर चालतील किती? दोन किलोवॉटचे सव्वा लाख. आमच्या डोंबिवलीतच तेवढे निघतील.

सौभाग्यवती बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही दीडच बादली घ्या."

मुक्काम गावातच एका घरी होता. माणसे महादेव कोळी समाजाची. पर्यटकांना जेवूखाऊ घालतात, झोपायला पडवी देतात. मावशींनी चुलीवर नागलीच्या भाकऱ्या केल्या, पिठले केले, बरोबर लसणीचा ठेचा. आठ वाजले होते. महाराष्ट्रातल्या लाखो स्वयंपाकघरांत त्या वेळी मिक्सर घरघरत असतील; येथे एक दिवा, एक पंखा आणि पाटा-वरवंटा. मी विचारले, "मावशी, एवढं वीजगृह तुमच्या गावाखाली. तुमची तरी चैन असेल?"

"कशाची चैन, बाबा! वारा सुटला की लाईट जाती. पावसाळ्यात तर दोन-दोन दिस नसती. खाली चोंढ्याला करत्यात, पर ती आमच्यासाठी थोडीच हाय?"

त्यांनी हे तक्रारीने सांगितले नाही. भाकरी उलटता उलटता, पाऊस पडतो असे सांगावे तसे सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या तलावाकाठी गेलो, तेव्हा पाण्यालगत दीड-दोन हात रुंद ओला चिखलाचा पट्टा दिसला. आम्ही जेवून पडवीत गप्पा मारत होतो, त्या वेळी तेवढे पाणी डोंगरातून खाली गेले होते. आमच्या डोंबिवलीच्या दिव्यात त्यातले थोडे आले असेल.

आता मीटरच्या वादाकडे येतो. हे वेळेनुसार भावाचे प्रकरण आपल्याला नवे वाटते, पण तसे नाही. ज्यांनी परगावी दूरध्वनी करण्यासाठी रात्री अकरानंतर पिवळ्या पाटीच्या बूथपुढे रांग लावली आहे, त्यांना ते ठाऊक आहे. दिवसा पूर्ण दर, रात्री अकरानंतर पाव दर. मुलीच्या सासरची खुशाली, मुलाच्या वसतिगृहातली अडचण, सगळे आपण अकराच्या पुढे ढकलत होतो आणि त्यात काही अन्याय आहे असे कोणाला वाटत नव्हते. विजेच्या बाबतीत हा विचार पद्धतशीर मांडला तो मार्सेल बॉयतो या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाने १९४९ साली. नुसता मांडून तो थांबला नाही. फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीत त्याने तो उतरवला, १९५६ साली मोठ्या ग्राहकांसाठी 'हिरवा दर' सुरू झाला आणि पुढे तो त्या कंपनीचा प्रमुखही झाला. पुस्तकातला सिद्धांत आपल्याच हाताने बिलावर छापायचे भाग्य फार थोड्या पंडितांना लाभते. २०२३ साली हे गृहस्थ एकशे एक वर्षांचे होऊन वारले.

आपल्याकडच्या मोठ्या कारखान्यांच्या बिलांतही पुष्कळ वर्षे घड्याळ होते: रात्री दहा ते सकाळी सहा सवलत, सकाळी नऊ ते बारा आणि संध्याकाळी सहा ते दहा जादा आकार. त्या सवलतीसाठी ओतकामाच्या भट्ट्या रात्री पेटू लागल्या. भट्टी रात्री पेटली, की तिच्यापुढचा माणूसही रात्रीच जागतो, ही गोष्ट दरपत्रकात येत नाही.

घरापर्यंत हे घड्याळ आले ते आत्ता. २०२३ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने नियम केले: सूर्यप्रकाशाच्या आठ तासांत वीज नेहमीपेक्षा स्वस्त असावी, गर्दीच्या तासांत महाग. आधी कारखाने व दुकाने, मग शेती सोडून बाकी सगळे. आणि २०२५ च्या जुलैपासून महाराष्ट्रात नव्या मीटरच्या घरांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ऐंशी पैशांपासून पुढे काही वर्षांत एक रुपयापर्यंत वाढत जाणारी सवलत जाहीर झाली.

आमच्या घरातला वाद तो हाच. मी सवलतीच्या बाजूचा. निवृत्त मास्तर, दिवसभर घरी, मला काय! सौभाग्यवतीही घरीच. पण आमची सून सकाळी सात चाळीसची लोकल पकडते आणि संध्याकाळी सातला घरात पाऊल टाकते. तिचा गीझर सहाला, तिचा मिक्सर साडेसहाला. रात्री आल्यावर पोळ्या, मुलाचा अभ्यास, कपड्यांचे यंत्र, उद्याची इस्त्री. सवलतीचा कागद तिने शांतपणे वाचला आणि म्हणाली, "बाबा, नऊ ते पाच मी कंपनीची. उरलेले सगळे तास घराचे. आणि सवलत नेमकी नऊ ते पाचच! ही सवलत कुलपाला दिलेली दिसते."

याला उत्तर नव्हते. घाटघरला भाच्यालाही ते देता आले नाही. तो एवढेच म्हणाला, की सुनेच्या घड्याळाला दंड करू नये हे खरे. पण तिच्या संध्याकाळची वीज कोठून तरी येतेच आणि तिची किंमत कोणीतरी मोजतोच. बिलात दिसली नाही, म्हणून ती नाहीशी होत नाही.

ती कोण मोजतो, याची दोन उदाहरणे मला त्याच प्रवासात मिळाली. एक तर तो कडाच. संध्याकाळच्या तुटीवर उपाय म्हणून घाटघरसारखी आणखी पाणी चढ-उताराची वीजगृहे बांधायची असे ठरले आहे; महाराष्ट्र सरकारने २०२३ च्या डिसेंबरात त्याचे धोरणच जाहीर केले. याला उंच कडा लागतो, वर पाणी लागते, खाली जागा लागते. म्हणजेच सह्याद्री लागतो. काही कामे व्हायलाच हवीत. सौर वीज साठवायची तर अशी कोठारे लागणार, हे मलाही पटते. पण आपल्याला वेळेवर गीझर बंद करायचा कंटाळा, म्हणून डोंगर पोखरायचा, हा हिशेब मला त्या कड्यावर उभे राहून काही केल्या जुळवता येईना. ज्या गावांच्या जमिनी जातात, तेथल्या पडवीत मी रात्री झोपलो होतो.

दुसरे उदाहरण आमचा जीपवाला. तिशीतला पोरगा, अकोले तालुक्यात खालच्या अंगाला त्याची दोन एकर शेती; ऊस आणि थोडा कांदा. परतीच्या वाटेवर तो सारखा घड्याळ पाहत होता. मी विचारले, घाई कसली?

"या आठवड्यात रात्रीची लाईट हाय, काका. दहाला येती. दारं धराया जायाचंय."

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो: दारे धरणे म्हणजे पिकाला पाणी देताना एका वाफ्याचे तोंड बंद करून दुसऱ्याचे उघडणे. हे काम उभ्याने करायचे, चिखलात, रात्रभर. शेतीच्या पंपांना वीज आळीपाळीने मिळत आली आहे: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. कारण उघड आहे. आपल्या संध्याकाळी वीज पुरावी म्हणून शेतकऱ्याला रात्रीकडे सरकवले. आमच्या मीटरने आम्हांला विनंती केली, ऐंशी पैसे दाखवले. त्याला कोणी विनंती केली नाही, बटणच बंद केले. त्या भागात उसात बिबट्याचा वावर आहे, साप तर आहेतच. तो म्हणाला, "बॅटरी घेतो, मोबाइलवर गाणी लावतो मोठ्यानं. आवाज असला की ते जनावर लांब राहतं." मग जरा हसून, "निदान मी तरी तसं समजतो."

मला एकदम २००५ नंतरचे आमचे दिवस आठवले. मुंबई शहर झगझगीत असायचे आणि कल्याण-डोंबिवलीत भारनियमनाचा अंधार. दहावीची मुले मेणबत्तीवर अभ्यास करीत, म्हातारी माणसे जिन्यात बसून राहत. त्या काळी आम्ही किती चरफडलो! तेही एक भावपत्रकच होते, फक्त त्यात पैशांचा रकाना नव्हता. ज्याचा आवाज कमी, त्याचा दिवा आधी विझे. पुण्यात २००६ साली निराळी वाट काढली होती: गर्दीच्या तासांत कारखान्यांनी आपली जनित्रे चालवावीत आणि त्याचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी बिलातून द्यावा. शहर उजळले. काहींनी नाके मुरडली, की पैसेवाल्यांनी उजेड विकत घेतला. घेतला खरा, पण निदान उघडपणे घेतला आणि किंमत पावतीवर लिहिलेली होती.

म्हणून माझे मत असे झाले आहे, की वेळेचा भाव असावा. बटणापेक्षा भाव बरा, डोंगर पोखरण्यापेक्षाही बरा. पण ज्यांच्या हाती स्वतःचे घड्याळ आहे त्यांच्यापासून त्याची सुरुवात व्हावी: कचेऱ्या, मॉल, मंगल कार्यालये, रात्रभर झगमगणारे फलक, आणि हो, माझ्यासारखे निवृत्त गृहस्थ. चार दिवे आणि एक मिक्सर यांच्यावर जादा आकार बसवण्याआधी त्या घरातली बाई किती वाजता परतते, हे एकदा कोणीतरी पाहावे. शेतीच्या पंपांसाठी दिवसाची सौर वीज देण्याची योजना २०१७ पासून महाराष्ट्रात सुरू आहे. जीपवाल्याच्या गावाच्या आसपास काही ठिकाणी ती पोचली आहे. त्याच्या पंपापर्यंत नव्हती. "आली की झोप मिळंल," एवढीच त्याची त्यावरची टिप्पणी.

घरी आल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आमच्या घरात महिन्याला दोनशे चाळीसच्या आसपास युनिटे जळतात. कपड्यांचे यंत्र, इस्त्री, मिक्सरवरचे वाटण, माझी अंघोळ, एवढे सगळे दिवसा आणले तर चाळीसेक युनिटे सरकतात. ऐंशी पैशांनी बत्तीस रुपये. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, बत्तीस रुपयांत कोथिंबिरीची एक जुडी येते, तीसुद्धा पाऊस नसेल तेव्हा." तरीही त्यांनी यंत्र दुपारी लावायला सुरुवात केली. बत्तीस रुपयांसाठी नव्हे. "त्या पोराला रात्री चिखलात उभं राहावं लागतं, आणि माझी चादर काय संध्याकाळीच धुवायला हवी आहे?" असे त्यांचे म्हणणे. सुनेचे एक काम हलके झाले, हा फायदा दरपत्रकात नव्हता. माझी अंघोळ मात्र सव्वानऊला गेली. निवृत्तीनंतरची माझी सहाची ताठ शिस्त अशी एका मीटरने मोडली. दीड बादलीवर मी अजून मान्यता दिलेली नाही.

खरी मौज पुढे झाली. आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडे. तळमजल्याच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप रोज संध्याकाळी साडेसहाला सुरू होई, तासभर चाले. कारण काय, तर पहिल्या सेक्रेटरींनी तशी वेळ घालून दिली होती. घाटघर पाहून आल्यावर मला साक्षात्कार झाला, की ही आपली गच्चीवरची टाकी म्हणजेच घाटघर! पाणी दुपारी चढवावे, संध्याकाळी नळाने उतरवावे. आणि या घाटघरासाठी एकही डोंगर पोखरायचा नाही, एक बटण पाच तास अलीकडे दाबायचे, बस्स!

सोसायटीच्या सभेत मी हा विषय मांडला. सभा दीड तास चालली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना वाटले की दुपारी चढवलेले पाणी संध्याकाळपर्यंत तापेल. खजिनदारांनी सवलतीचा आकडा विचारला, तो ऐकून पुन्हा विचारला आणि हिरमुसले. एका तरुण गृहस्थांनी गच्चीवर सौर पट्ट्या बसवण्याचा मोठा विषय काढला, तो पुढच्या सभेवर गेला. शेवटी अडचण निघाली ती रखवालदाराची. दुपारी एक ते तीन ही त्याची झोपेची वेळ, कारण रात्री तो जागा असतो.

या मुद्द्यावर सौभाग्यवती उभ्या राहिल्या. त्या सभेत सहसा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "त्याला नका उठवू. त्याचीही रात्रपाळीच आहे. मी दुपारी जागी असते, मी दाबते बटण."

तेव्हापासून पंपाच्या खोलीची किल्ली आमच्या दाराच्या खिळ्याला आहे. दुपारी दीडला त्या खाली जातात, पाणी गच्चीवर चढते आणि टाकी भरली की तिच्या नळीतून थोडे ओसंडते. तो आवाज आला, की मी वरून ओरडून सांगतो, "अहो, भरली!"